टिटवीची फेरसुनावणी

सुरुवातीलाच माफी मागतो. माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं. मोठे शब्द मला येत नाहीत, म्हणून साधेच घातले आहेत. गोष्ट मात्र जशी आहे तशी सांगतो.

एका राज्यात एक देखरेख सभा होती. राजाचे कोतवाल, वेसकर, पाटकरी आपापलं काम नीट करतात की नाही हे पाहायला ती नेमली होती. त्याआधी राज्यात फार अंदाधुंदी होती. कोतवाल वाटेल त्याला कोंडत, पाटकरी कालव्याचं पाणी आपल्याच सोयऱ्यांच्या शेतात सोडत आणि तक्रार करायला आलेल्याला दारातून हाकलत. सभा आली आणि हे थांबलं. म्हणून लोक सभेला मानत, आणि भीतही.

भीती होती ती शिक्क्याची. आताच्या राजाच्या बापाला एकाच भांडणाचा निवाडा दोनदा करायचा कंटाळा होता. त्यानं डोंगरावरच्या निळ्या मांत्रिणीकडून एक शिक्का घडवून आणला. सभेतल्या तिघांनी दोषी ठरवून कागदावर तो उमटवला, की दोषी माणसाचा जागच्या जागी पक्षी होई. कुणाचा पोपट, कुणाचा पारवा, कुणाचा कावळा. पक्ष्याला माणसासारखं बोलता येई, पण रोज सूर्य मावळताना मूठभर शब्द त्याच्या तोंडून कायमचे जात. शंभर दिवसांत सगळे शब्द संपत. मग तो नुसता पक्षी उरे आणि रानात उडून जाई. सभेच्या कौलांवर असे चाळीस पक्षी बसलेले असत आणि दिवसभर आपली बाजू सांगत. खाली कुणी थांबत नसे. झालेल्या निवाड्यावर पुन्हा बोलायची रीतच त्या राज्यात नव्हती.

राज्याच्या उत्तर वेशीवर साळू नावाची वेसकरीण होती. सकाळच्या नगाऱ्याला वेस उघडायची आणि संध्याकाळच्या नगाऱ्याला लावायची, हे तिचं काम. तिचा धाकटा भाऊ हैबती हा सुतार. आईबाप लवकर गेले, त्याला तिनंच वाढवला. हैबतीचा हात कामात चोख, पण चार माणसांत बोलायची वेळ आली की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत.

एके पहाटे नगाऱ्याआधीच वेस उघडी राहिली. रानातला हत्ती आत शिरला, त्यानं केळीची बाग तुडवली आणि निंबा माळ्याचा पाय मोडला. दुपारी सभा बसली. तिसऱ्या प्रहरी शिक्का उमटला आणि साळूची टिटवी झाली.

टिटवीला फांदीवर किंवा कौलावर बसता येत नाही. ती चालत चालत हैबतीच्या कामाच्या छपरीत आली आणि लाकडाच्या ढलप्यांमध्ये उभी राहिली.

"हैबत्या," ती म्हणाली, "वेशीबाहेर एक बाई अडली होती. कळा सुरू झाल्या होत्या. तिला आत घेतली नसती तर दोन जीव गेले असते."

"मग सभेला सांगायचंस ना, आक्का!"

"विचारलं कुणी? 'वेस तूच उघडलीस का?' एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. पुढचं सांगेपर्यंत मला चोच आली होती."

हैबती सभेच्या दारापर्यंत तीनदा गेला आणि तीनदा परत आला. काय बोलावं, कुणापुढे बोलावं, त्याला सुचेना. असे साठ दिवस गेले. टिटवीच्या तोंडून मीठ गेलं, उखळ गेलं, ओळखीच्या गावांची नावं गेली. एकसष्टाव्या दिवशी संध्याकाळी तिला पाणी हवं होतं. ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "अरे... अरे तू..." भावाचं नाव तिच्याकडे उरलं नव्हतं.

हैबतीनं हातातला रंधा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तो डोंगराच्या वाटेला लागला.

सभेच्या कौलावरचा एक कावळा त्याला वाट दाखवायला निघाला. तो पूर्वी पाटकरी होता. त्याच्याकडे अकराच शब्द उरले होते. शेवटचे शब्द रोज न जाता तीन-चार दिवसांनी एकेक जात, तरी तो ते फार जपून वापरी. "डावीकडे," एवढं म्हणून तो दिवसभर गप्प राही.

तिसऱ्या दिवशी डोंगरमाथा आला. निळी मांत्रीण दोरीवर ढग वाळत घालत होती.

"शिक्का फोडायला आलास?" तिनं मागे न पाहता विचारलं.

"होय."

"फोडला तर उद्या कोतवाल पुन्हा वाटेल त्याला कोंडेल. चालेल?"

हैबतीनं बराच विचार केला. "नाही चालणार," तो म्हणाला.

"मग फोडायचं नाव काढू नकोस. त्याच्या शेजारी दुसरा शिक्का लागेल. पहिल्यानं केलेलं दुसऱ्यानं पाहायचं. थोरल्या राजानं एकच मागितला, मी एकच दिला. दुसरा मागायला आजवर कुणी आलं नाही."

"मी मागतो."

"तो नुसत्या मंत्रानं होत नाही. तीन गोष्टी मिळव. सभेनं का ठरवलं, ते तिच्याच अक्षरांत. या निवाड्यात ज्याचा हात नाही आणि ज्याला त्यातून काही मिळायचं नाही, असं माणूस. आणि सभेच्या तोंडून दोन शब्द, 'चुकलं असेल'. धाक घालून नाही, आपणहून." तिनं त्याच्या हातावर निळ्या लाखेची कांडी ठेवली. "या तिन्ही गोष्टी झाल्या की ही लाख आपोआप मऊ होईल. शिक्का तू कोर. आणि पाय उचल. शब्द संपल्यावर माझ्याकडेही इलाज नाही."

हैबती परत आला तो थेट सभेच्या दप्तरात गेला. दप्तर सगळ्यांना उघडं होतं, कारण तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. साळूचा कागद त्यानं काढला. वरचा सगळा कागद कोरा, खाली दोन शब्द, "साळू. दोषी," आणि शिक्का. कोऱ्या जागेवरून त्यानं बोट फिरवलं. लेखणीच्या खुणा लागल्या. लिहिलेलं होतं, पण अक्षरं तिथे नव्हती. शिक्का पडला की वरची अक्षरं मुंग्या उचलून नेत, आणि पुन्हा कुणी कागद उघडत नसल्यामुळे हे सभेलाही ठाऊक नव्हतं. भिंतीच्या कडेला बारीक भोक होतं. हैबतीनं साळूचा कागद तिथे पसरला, त्यावर गुळाचा खडा ठेवला आणि बहिणीचं नाव घेतलं.

मुंग्या ओळीनं आल्या. प्रत्येकीनं एक एक अक्षर खाली ठेवलं आणि ती गुळाला लागली. दुपारपर्यंत कागद भरला. "नगाऱ्याआधी वेस उघडी होती. आपण उघडली असे वेसकरीण कबूल करते. अडसर खाली पडलेला होता. हत्ती त्याच दाराने आला. सबब दोषी."

अडलेल्या बाईचं त्यात कुठेच नाव नव्हतं. पण अडसर होता. हैबतीनं घरी येऊन टिटवीला विचारलं, "आक्का, बाईला आत घेतल्यावर अडसर परत लावला होतास ना?"

टिटवी ढलप्यांमधून बराच वेळ फिरत राहिली.

"राहिला," ती म्हणाली. "ती ओरडत होती. मी तिला धरून पळाले."

हैबतीनं कागद पुन्हा उलगडला. अक्षरं अजून नीट चिकटली नव्हती. अडसराच्या ओळीवर नुसती फुंकर मारली असती तरी ती उडाली असती. त्यानं तोंड खाली नेलंही.

"राहू दे," टिटवी म्हणाली. "खरं आहे ते."

त्यानं कागद तसाच गुंडाळला.

दुसरं काम त्याला सोपं वाटलं होतं. पण नगरात ज्याला त्याला साळूबद्दल आधीच काही ना काही वाटत होतं. कुणी म्हणे, "साळू तर माझ्या ताटात जेवलेली, ती निर्दोषच." कुणी म्हणे, "माझी केळी गेली त्याचं काय? ठेवा तिला टिटवीच." लाख दगडासारखी टणक राहिली. शेवटी तो धीर करून राजाकडे गेला.

राजा भला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सभेतली माणसं मीच नेमली. ती चुकली म्हटलं तर मी चुकलो म्हणावं लागतं. मला ते ऐकू येणार नाही. माझा कान मला माहीत आहे."

हैबती वाड्याबाहेर पायरीवर बसला. समोर नव्या दाराची चौकट उभी राहत होती आणि परगावचा एक सुतार ओळंबा लावून ती सरळ आहे का ते पाहत होता. त्या राज्यातल्या सुतारांची ही रीत होती. ज्यानं चौकट केली त्यानं तिला ओळंबा लावायचा नाही. आपल्या हातानं केलेलं आपल्या डोळ्याला सरळच दिसतं, म्हणून दुसऱ्या गावचा सुतार बोलवायचा, आणि तो आला म्हणून कुणी रागवायचं नाही. हैबतीनं स्वतः हे पन्नासदा केलं होतं. आज मात्र तो ती चौकट पाहतच राहिला. मग उठला आणि कावळ्याला घेऊन राज्याच्या दुसऱ्या टोकाला, मिठागरांकडे निघाला.

मिठागरांत कोंडाबाई नावाची एक बाई फावड्यानं मीठ ओढत होती. तिच्या शब्दाला त्या बाजूला मान होता. हैबतीनं सगळं अडखळत सांगितलं.

"आधीच सांगते," कोंडाबाई म्हणाली, "तुझ्या बहिणीचं मला काही वाटत नाही. तिला मी पाहिली नाही. सभेलाही पाहिली नाही. तुमची केळीही खाल्ली नाहीत."

"म्हणूनच आलो."

"मी आले आणि ती दोषीच आहे म्हटलं, तर?"

हैबतीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तर... तर तसं," तो म्हणाला.

कोंडाबाईनं फावडं टेकवलं. "पाय मोडला तो माळी येणार आहे का?"

"त्याला कुणी बोलावलं नव्हतं."

"मग बोलवा. त्याच्याशिवाय मी बसायची नाही. आणि तू बहिणीचा भाऊ. तू मधे मधे बोलायचं नाही."

"मला बोलायला येतच नाही."

"ते दिसतंच आहे," कोंडाबाई म्हणाली आणि पदर खोचून निघाली. हैबतीच्या हातातली लाख कोमट झाली. "मागे," कावळा म्हणाला, आणि ते परतले. त्याच्याकडे आता तीन शब्द उरले होते.

तिसरं काम सगळ्यांत अवघड निघालं. सभानायक त्रिंबकशास्त्री ओसरीवर बसले होते. ते वाईट माणूस नव्हते. वीस वर्षांत त्यांनी कुणाकडून आंबासुद्धा घेतला नव्हता. हैबतीनं मुंग्यांनी आणलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. शास्त्रीबुवांनी आपलंच लिहिलेलं दोनदा वाचलं.

"बाई अडली होती हे आम्हाला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले.

"मग चुकलं असेल असं म्हणा, शास्त्रीबुवा."

"नाही म्हणता येत."

"का?"

शास्त्रीबुवांनी आवाज खाली आणला. "शिक्क्याला डोळे नाहीत, हैबती. सभा चुकली म्हटलं की चुकीचा निवाडा देणारा दोषी होतो. माझ्याआधीचे सभानायक एकदा भरसभेत 'चुकलो' म्हणाले. कुणी हात न लावता शिक्का उमटला आणि त्यांचं घुबड झालं. तुझ्या बहिणीसाठी मी घुबड होऊ का?"

हैबतीनं कागद गुंडाळला. तो घरी गेला. दोन दिवस त्यानं एक फळी रंधून गुळगुळीत केली आणि कोळशानं तिच्यावर लिहिलं. तिसऱ्या दिवशी ती फळी पाठीवर घेऊन तो पुन्हा ओसरीवर आला. फळीवर लिहिलं होतं, की निवाड्याचं कारण शिक्क्याबरोबर राहील आणि ज्याचा निवाडा झाला त्याला वाचून दाखवलं जाईल. ज्याला पटलं नाही त्यानं तीस दिवसांच्या आत दुसऱ्या शिक्क्याकडे जावं, आधीच पक्षी झालेल्यांना ही मुदत नाही, आणि तिथे ऐकणं होईपर्यंत त्याला माणूसच राहू द्यावं. ऐकणारे सभेतले नसावेत, नात्यातलेही नसावेत. ज्याचं नुकसान झालं त्यालाही बोलवावं. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी दुसऱ्यानं बोलावं. आणि सभेनं प्रामाणिकपणे केलेला निवाडा पुढे बदलला, तर सभेवर दोष नाही.

शास्त्रीबुवा शेवटच्या ओळीपाशी थांबले.

"'प्रामाणिकपणे' चुकलंय," ते म्हणाले.

"ती ओळ नको?"

"ओळ असू दे. लिहिलंयस ते चुकलंय." त्यांनी कोळसा घेऊन वेलांटी नीट केली. मग विचारलं, "आणि दुसरा शिक्का चुकला तर? मग तिसरा? चौथा?"

"दुसऱ्यापाशी थांबायचं," हैबती म्हणाला. आता तो अडखळत नव्हता, कारण हे त्याच्या कामातलं होतं. "दार बसत नसेल तर एकदा घासतात, शास्त्रीबुवा. रोज घासत बसलं तर दारच उरत नाही. आणि घासावं लागलं म्हणून सुताराला कुणी घुबड करत नाही."

शास्त्रीबुवा ओसरीवरून खाली आले. कौलांवरचे चाळीस पक्षी बोलायचे थांबले.

"चुकलं..." त्यांची जीभ अडली. वीस वर्षांत तो शब्द तिथून गेला नव्हता. "चुकलं असेल."

फळीवरची शेवटची ओळ आड आली आणि काही झालं नाही. त्यांना पीस फुटलं नाही, चोच आली नाही. हैबतीच्या हातातली निळी लाख मात्र लोण्यासारखी मऊ झाली.

सत्त्याण्णवाव्या दिवशी कोंडाबाई सभेच्या अंगणात घोंगडीवर बसली. एका बाजूला सभा, एका बाजूला टिटवी, मधे काठी टेकत आलेला निंबा माळी. कारणाचा कागद मोठ्यानं वाचला गेला. टिटवीकडे थोडेच शब्द उरले होते, म्हणून अडलेली ती बाई स्वतः आली. तिच्या कडेवर तीन महिन्यांची मुलगी होती.

"नगारा व्हायला घटका होती," ती म्हणाली. "हिनं वेस उघडली नसती तर ही पोरगी वेशीबाहेर जन्मली असती. जगली असती की नाही, देवाला ठाऊक."

"निंबा माळी, तुम्ही बोला," कोंडाबाई म्हणाली.

"काय बोलू?" निंबा म्हणाला. "तिची टिटवी करा असं मी म्हटलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नाही. तिची टिटवी झाली, माझा पाय तसाच. टिटवी काय माझ्या बागेला पाणी घालणार?"

लोक हसले. कोंडाबाई हसली नाही. ती टिटवीकडे वळली. "अडसर परत लावला होतास?"

हैबतीनं आपला हात आपल्याच तोंडावर दाबून धरला.

"राहिला," टिटवी म्हणाली.

कोंडाबाईनं कारणाचा कागद आपल्या पुढ्यात ओढला. मग तिनं निकाल सांगितला. "वेस उघडली हे बरोबर केलं. तिच्या जागी मी असते तर मीही उघडली असती, आणि सभेला हे कळलं असतं तर सभाही असंच म्हणाली असती. अडसर राहिला ही चूक. त्या चुकीनं माणसाचा पाय मोडला, ती लहान नाही. पण एका अडसरासाठी आख्खं माणूस घ्यायचं नसतं. साळूनं एक वर्ष वेशीवर उभं राहायचं नाही. निंबाचा पाय धड होईपर्यंत त्याच्या बागेला तिनं पाणी घालायचं. निंबा, चालेल?"

"चालेल."

"सभा?"

"मान्य," शास्त्रीबुवा म्हणाले.

"साळू?"

टिटवीकडे 'हो' उरला नव्हता. तिनं मान खाली घातली. कोंडाबाईनं निळी लाख कागदावर ठेवली आणि हैबतीनं बाभळीत कोरलेला शिक्का तिच्यावर दाबला.

टिटवीची साळू झाली. तिच्या केसांत एक ढलपी अडकलेली होती, ती तिनं काढून टाकली. त्याच क्षणी कौलांवर चाळीस माणसं दिसू लागली, आणि शिडी आणायला लोकांची धावपळ उडाली. फळीवर लिहिल्याप्रमाणे ऐकणं होईपर्यंत त्यांना माणूसच राहायचं होतं. पुढे एकेकाचं ऐकून घ्यायला पावसाळा उलटला. कित्येक निर्दोष निघाले. कावळा झालेला पाटकरी मात्र खरंच दोषी निघाला, त्याचं काम गेलं. तो म्हणाला, "गेलं तर गेलं, निदान आता भांडता तरी येतंय." सभा पूर्वीसारखी बसत राहिली, कोतवाल पूर्वीसारखे तिला भीत राहिले. पण पहिल्या शिक्क्यानं पुन्हा कुणाला पीस फुटलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. निकालाच्या दिवशी संध्याकाळी साळू भावाच्या घरी आली. गेलेले शब्द परत येत नाहीत, ते नव्यानं शिकावे लागतात. ती चुलीपाशी बसली आणि त्याच्याकडे निरखून पाहू लागली. मग तिनं बोट त्याच्याकडे केलं.

"हैबती," तो म्हणाला.

तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं. "चांगलं," ती म्हणाली. "कुणी...?"

"तूच ठेवलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती तिला निंबा माळ्याच्या बागेची वाट दाखवायला गेला. निंबा पाय पसरून खाटेवर बसला होता. तुडवलेल्या केळींना खालून नवे कोंब आले होते आणि माती पार वाळली होती.

"आलीस? कावडी तिथे, विहीर तिकडे," निंबा म्हणाला. "हत्ती नाही ना आणला बरोबर?"

साळूनं एक कावड उचलली. निकालात हैबतीचं नाव कुठेच नव्हतं. तो थोडा वेळ बांधावर उभा राहिला. मग दुसरी कावड खांद्यावर घेऊन तिच्या मागोमाग विहिरीवर गेला.